उजव्या बाजूला बसून मुंबई ते जयपूर

मुंबईहून जयपूरला आगगाडीने कोणीही जाईल. अहमदाबादला गाडी बदलायची, डोक्यावरून पदर घेऊन धूळ झटकत बसायचं, की आलंच जयपूर. मोटारीने मात्र आमच्या ओळखीतलं तोवर कोणी गेलेलं नव्हतं, आणि जिचं स्टिअरिंग डाव्या हाताला आहे अशा मोटारीने तर नाहीच नाही. आम्ही गेलो. रस्ता कसा आहे, कुठे उतरावं, काय खावं आणि काय मुळीच खाऊ नये, हे सगळं सांगते. मध्येमध्ये माझं घरचंही येईल, पण त्याला इलाज नाही. गाडीत तेच जास्त भरलेलं होतं.

हे, म्हणजे माझे यजमान, चार वर्षं अमेरिकेत मातीचा अभ्यास करत होते. माती शिकायला इतक्या लांब कशाला जायला हवं, असं आमच्या आईला वाटे, पण ते असो. आमची मुलगी मिनू रांगत होती तेव्हा हे गेले. मी तिला घेऊन जयपूरला माहेरी राहिले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या कॉलेजात रसायन शिकवत. वीस वर्षं राजस्थानात काढूनही घरात त्यांनी वाईची मराठी टिकवली होती. त्या उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन वाईला परतणार होते आणि त्यांच्या बिऱ्हाडाचं सगळं घोडं आमच्यापाशी अडलं होतं.

साठ-एकसष्टची गोष्ट. जानेवारीत यांची बोट मुंबईला लागणार आणि बोटीवर यांची गाडीही असणार, असं कळलं. जयपूरच्या विद्यापीठाने यांना जुलैपासून शिकवायला बोलावलेलं होतं. मी एकटीच मुंबईला निघाले. स्टेशनवर अण्णा खिडकीशी आले आणि म्हणाले, "सुधा, आधी एवढं विचारून घे. राहायला आलाय की भेटायला? बाकीचं मग बघू."

"गाडी आणतायत, अण्णा. भेटायला येणारा माणूस गाडी कशाला आणेल?"

"तरी विचार," अण्णा म्हणाले.

मुंबई

बंदरात मोटार बोटीतून उतरताना पाहण्यासारखी असते. क्रेनने ती उचलली आणि वरच्या वर गोल फिरवली. पिस्त्याच्या रंगाची, लांबलचक, आमच्या स्वयंपाकघरात मावली नसती एवढी. मी तिच्याकडे बघत होते आणि शेजारी एक मनुष्य उभा राहून माझ्याकडे बघत होता. ते हे होते. मी ओळखलं नाही. केस मागे गेले होते आणि चष्मा आला होता. "बारीक झालीस," हे म्हणाले. "तुम्ही नाही झालात," मी म्हटलं. चार वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे असं.

कस्टमचे साहेब मराठीच होते. चष्म्यावरून बघत त्यांनी यांना विचारलं, "कायमचे आलात ना? मुक्काम हलवून? नुसतं फिरायला आलेल्याला गाडी अशी ठेवून घेता येत नाही."

"कायमचा," हे म्हणाले.

मला तिथल्या तिथे रडू फुटेल असं वाटलं. चार वर्षं जे ऐकायला मी कान लावून बसले होते, ते कस्टमच्या साहेबांना ऐकायला मिळालं. पण गेटबाहेर पडेपर्यंत दुसराच किडा डोक्यात शिरला. हे बोलताना यांनी साहेबांकडे बघितलं होतं. माझ्याकडे नाही. आणि साहेबांना दुसरं काही सांगितलं असतं तर गाडी मिळाली नसती. विचारावं म्हटलं, पण हे गाडीभोवती फिरून कुठे ओरखडा आलाय का बघत होते.

सुरतेच्या पुढे

आता त्या डाव्या स्टिअरिंगबद्दल. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने जाते आणि चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणजे पुढची वाहतूक त्याला दिसते. या गाडीत चालवणारा डावीकडे, अगदी रस्त्याच्या कडेला. त्याला कडेच्या बाभळी छान दिसतात. पण पुढे मालट्रक असला तर त्याच्यापलीकडून काय येतंय, ते दिसायची सोय नाही. ते उजवीकडे बसलेल्याने बघायचं आणि सांगायचं. उजवीकडे मी.

"मोकळं आहे का?" हे विचारत.

"नाही," मी म्हणे. खरं तर मोकळं असे, पण लांबवर एखादी बैलगाडी ठिपक्याएवढी दिसली तरी माझा जीव घाबरा होई. त्यापायी सुरतेच्या पुढे एका सरकीच्या ट्रकमागून आम्ही इतका वेळ चाललो की त्याच्या मागच्या फळीवर रंगवलेला मोर मी आजही काढून दाखवीन. यांनी फक्त काच वर करून घेतली.

नवऱ्याने बायकोला चार वर्षांनी विचारावं असं पुष्कळ काही असतं. हे मला दिवसभर एकच विचारत होते. पण दुसऱ्या दिवशी गंमत झाली. मला अंदाज यायला लागला. ट्रक कधी बाजू देतो, उंटगाडी कधी देत नाही, मोटारसायकलवाला कसा भलतीकडेच बघत येतो, सगळं उमगायला लागलं. मी "थांबा" म्हटलं की हे थांबत, "निघा" म्हटलं की पुढचं काही दिसत नसताना गाडी उजवीकडे घालत. नुसत्या माझ्या शब्दावर. एवढा विश्वास लग्नात सप्तपदीच्या वेळीसुद्धा कोणी दाखवला नव्हता. अहमदाबाद मागे पडून डोंगर लागले तोवर आम्ही दोघं मिळून एक बऱ्यापैकी ड्रायव्हर झालो होतो. मी फार सुखात होते, आणि म्हणूनच विचारायचं पुढे ढकलत होते.

उदयपूर ते अजमेर

उदयपूरला तळी आहेत आणि महाल आहेत, ते सगळे सांगतात. मी सांगेन ते नाथद्वाराच्या वाटेवरच्या एका ढाब्याचं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या बाट्या, वरून तूप, सोबत डाळ आणि लसणाची लालभडक चटणी. बाटी फोडायची ती हाताने. इकडची माणसं ती मुठीत धरून दाबतात आणि त्यांना काही होत नाही. यांनी दाबली आणि बोटं तोंडात घातली. ढाबेवाला म्हणाला, "साहब, ठंडी हो जाने दो। बाटी कहीं भागी नहीं जा रही।"

"तिकडे मी चार वर्षं अशा जेवणाची स्वप्नं बघत होतो," हे म्हणाले आणि अर्धी बाटी ताटात ठेवून उठले.

हा "तिकडे" मला एव्हाना पाठ झाला होता. तिकडे रस्त्यावर पांढरी रेघ असते. तिकडे पंपावरचा मनुष्य काच पुसून देतो. तिकडे बर्फ पडला की सकाळी फावड्याने गाडी उकरून काढावी लागते. ते सगळं मी कौतुकाने ऐकत होते, कारण मला वाटत होतं की प्रवासाहून परतलेली माणसं असं बोलतातच. मी नाही का आता तुम्हाला सांगत बसले?

अजमेरला यांचं पोट बिघडलं. वाचणाऱ्यांसाठी सूचना: तिकडून नुकतंच आलेलं माणूस असेल तर लसणाच्या चटणीशी वैर धरावं. आम्ही धर्मशाळेत एक दिवस जास्त काढला. तिथल्या महाराजाला, म्हणजे आचाऱ्याला, सांगून मी मुगाची पातळ खिचडी करवून घेतली. हे दोन घास खाऊन पडले आणि डोळे मिटूनच म्हणाले, "तिकडे आजारी पडलो की घरमालकीण सूप आणून द्यायची. बार्लीचं. म्हातारी दारातच ठेवून जायची, काही न बोलता."

मला त्या सुपाचा राग आला. म्हातारीचा नाही, सुपाचा. चार वर्षांत यांना ताप आला असेल, खोकला झाला असेल, आणि त्यातलं काहीच माझ्या वाटणीला आलं नव्हतं. मी उरलेली खिचडी गाईला घातली.

जयपूर

अजमेरचा दिवस मोडल्याने आम्ही जयपुरात शिरलो तो नेमका संक्रांतीच्या दुपारी. मी किती मनसुबे रचले होते! अजमेरी दरवाज्यातून गाडी आत घालायची, बाजारातल्या लोकांनी माना वळवाव्या, कॉलेजातल्या प्रोफेसरांच्या बायकांनी बघावं. पण जयपूरची संक्रांत म्हणजे पतंग. झाडून सगळं गाव गच्चीवर. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि गच्चीवरच्या एकाही माणसाची नजर खाली नाही. "वो काटा!" असा गजर चहूकडून उठायचा, तो आमच्यासाठी नव्हे. आपल्याकडे संक्रांतीला बायका नटून घरोघर जातात आणि इकडे बाप्ये वर तोंड करून दिवसभर उन्हात उभे राहतात. चांदपोलच्या बाजूला गाडीच्या एरिअलला मांजा अडकला म्हणून थांबलो, तेव्हा कुठे एक मिशाळ म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी गाडी आपादमस्तक न्याहाळली आणि उजवीकडच्या खिडकीशी येऊन मला अदबीने विचारलं, "बाईसा, कौन से ठिकाने की गाड़ी है?"

ठिकाणा म्हणजे इकडच्या ठाकूर लोकांची जहागीर. एवढी मोठी गाडी दुसऱ्या कोणाची असणार?

"वाई ठिकाने की," मी म्हटलं.

त्यांनी आठवून पाहिलं, मान डोलावली आणि मुजरा केला. हे इतके हसले की गाडी बंद पडली. चार वर्षांपूर्वी हे असेच हसत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

बनीपार्कात आमचं घर. मिनू गच्चीवरून धावत खाली आली आणि आईच्या पदराआड उभी राहिली. तिला फोटोतले बाबा ठाऊक होते, आणि हे चष्मेवाले वेगळेच होते. आई म्हणाली, "मिनू, बाबांना नमस्कार कर." मिनूने नमस्कार केला आणि मला विचारलं, "आई, हे आता इथेच राहणार? मतलब, परत जाणार नाहीत ना?"

 यांनी ताटलीतला तिळगूळ उचलून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "गोड गोड बोल." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. विचारलंच नव्हतं.

बुधवारी गाडी मोतीडुंगरीच्या गणपतीला नेली. जयपुरात नवं वाहन आधी तिथे नेण्याची रीत आहे, आणि गणपतीच्या बाबतीत आम्हाला कोणाचा आग्रह लागत नाही. पुजाऱ्याने पुढच्या बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि चालवणाऱ्याला टिळा लावायला सवयीने उजव्या खिडकीशी आला. तिथे मी. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्याने माझ्या कपाळी टिळा लावला, मनगटाला लाल दोरा बांधला आणि आशीर्वाद दिला, "गाड़ी आपके हाथों में सलामत रहे, बाईजी।"

हे म्हणाले, "झालं. देवाने ठरवलंय. आता शीकच तू."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी झालान्याच्या जंगलाकडच्या रस्त्याला जाऊ लागलो. तिथे वाहतूक नसे. क्वचित मोर आडवा जाई, दगडांनी भरलेली एखादी गाढवांची रांग जाई. मला वाटलं नव्हतं इतकं ते मला आवडलं. चाकावर हात ठेवला की ती एवढी मोठी गाडी माझं ऐके. हे मन लावून शिकवत. नुसतं चालवणं नाही, तर रेडिएटरमध्ये पाणी कधी घालायचं, बॅटरी कशी तपासायची, कुठला आवाज आला की घाबरायचं आणि कुठल्याला नाही. घरी अण्णा आईला म्हणाले, "रमलेला दिसतोय." आईने त्या आनंदात घेवर, म्हणजे इकडची श्रावणातली जाळीदार मिठाई, आणवला, त्या दिवसांत मिळत नसतानाही कुठूनसा.

एके सकाळी यांनी मला जॅक लावून चाक बदलायला लावलं. मी घामाघूम झाले. "हे मला कशाला? तुम्ही आहात की," मी म्हटलं.

"मी नसताना अडलीस तर?" हे म्हणाले आणि पाना पुढे केला.

मी पाना घेतला आणि तशीच बसून राहिले. पुढचं सांगायची गरज नव्हती. राहणारा माणूस बायकोला गाडी हौसेने शिकवतो. चाक बदलायला, बॅटरीत पाणी घालायला, एकटीने सगळं निभवायला जो शिकवतो, तो निघालेला असतो.

त्या दिवसापासून माझं ड्रायव्हिंग बिघडलं. मी क्लच सोडायला विसरू लागले. गिअर असा घाले की झाडावरचे पोपट उडून जात. चढावर हमखास गाडी बंद पाडी. माझा हिशेब साधा होता: मला येत नाही तोवर हे जाऊ शकत नाहीत. हे कपाळावर हात मारत, पण चिडत नसत. एकदा म्हणाले, "तिकडे बायका आठवड्यात शिकतात, सुधा."

"मग तिकडच्या बायकांना शिकवा," मी म्हटलं आणि आणखी एकदा गाडी बंद पाडली.

कानोता

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही दोघंच कानोत्याकडे गेलो. आग्रा रस्त्याने गेलं की हे गाव लागतं, आणि त्या दिवसांत दोन्ही अंगांना सरसूची, म्हणजे मोहरीची, शेतं इतकी पिवळी असतात की डोळ्यांना ऊब लागावी. मिनूला आजीजवळ ठेवलं होतं. आईने पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि गाजरहलवा बांधून दिला होता. रस्ता सरळ म्हणून यांनी मला चालवायला दिलं आणि हे उजवीकडे बसले.

मी नेहमीचं सोंग चालवलं होतं. गाव जवळ आलं तेव्हा एका कुंपणातून अचानक उंटगाडी रस्त्यावर आली आणि समोरून एस.टी.सारखी भरलेली बस. मला सोंग आठवलंच नाही. मी ब्रेक दाबला, गिअर खाली घेतला, गाडी कडेच्या वाळूत दोन चाकं घालून उंटाच्या बाजूने काढली आणि पुन्हा रस्त्यावर आणली. बसवाला हॉर्न वाजवत गेला. उंटाने आमच्याकडे तुच्छतेने बघितलं.

थोडं पुढे जाऊन मी गाडी थांबवली. 

"तुला येतंय," हे म्हणाले. "उत्तम येतंय. कधीपासून?"

"पुष्कळ दिवसांपासून."

"मग हे सगळं..."

"मला आलं की तुम्ही जाणार." मी समोर बघत म्हटलं. "राहायला आलात की भेटायला, हे मी तुम्हाला मुंबईपासून विचारतेय. तोंडाने नाही विचारलं, एवढंच."

यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. मग म्हणाले, "कायमचा म्हणालो ना, तेव्हा तसंच वाटत होतं गं. खोटं नव्हतं ते. बोटीवर रोज सकाळी वाटायचं, कधी एकदा पोचतो. चार वर्षं तिथे मला इथलं आठवत होतं. तुझा आवाज, आईंच्या हातची आमटी. आता इथे आलोय तर तिथलं आठवतं. सकाळी या गाडीत येऊन बसलो की तेवढं बरं वाटतं. मलाच कळत नाही हे काय झालंय." चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "तिथे माझी जागा ठेवलीय. उन्हाळ्याआधी कळवायचंय."

"मी आणि मिनू येऊ?"

"लगेच नाही जमणार. वर्षभरात बोलावतो."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतात."

"गाडी तुला ठेवून जाईन. तुला अडचण पडायला नको म्हणून तर..."

"मला गाडी नको होती," मी म्हटलं. मग मला थांबता आलं नाही. "राहा असं मी म्हणणार नाही. बळेच राहिलात तर जन्मभर त्या सुपाची आठवण काढत बसाल, आणि ते मला बघवणार नाही. पण एक आत्ताच सांगते. मी पुन्हा वाट बघणार नाही. एकदा बघितली, पुरे झालं. माझ्याच्याने पुन्हा व्हायचं नाही."

"बरं," हे म्हणाले. इतक्या हळू, की सरसूतून वारा जात होता त्यात मला ते जेमतेम ऐकू आलं.

आम्ही शेताच्या बांधावर बसून जेवलो. पुऱ्या गार झाल्या होत्या. हलवा यांनी सगळा संपवला, दुसऱ्यांदा हात पुढे करून. एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन थांबली, गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घणी चोखी जोड़ी है।" म्हणजे फार छान जोडी आहे. आमच्याबद्दल म्हणाली की पुढच्या दोन दिव्यांबद्दल, ते विचारायचा धीर झाला नाही.

परतताना मीच चालवली. आग्रा रस्त्यावर उसाची गाडी आडवी आली की हे उजवीकडून वाकून बघत आणि सांगत, "मोकळं आहे, निघ." मी निघत होते.

होळीनंतर हे गेले. या खेपेला विमानाने. उन्हाळ्यात अण्णा आणि आई वाईला गेले. मी जयपुरातच, त्याच घरात राहिले. मिनूच्या शाळेत मराठी नाही, हिंदी आहे, तरी ती "मतलब" न लावता एक वाक्य मराठी बोलेल या आशेवर मी रोज तिला वाचायला बसवते. मला एका शाळेत भूगोल शिकवायचं काम मिळालं. गाडी मी चालवते आणि गाडी उत्तम चालते. कोणाला मोटारीने इकडे यायचं असेल तर हिवाळ्यात यावं, नाथद्वाराच्या वाटेवर चटणी खाऊ नये आणि डावं स्टिअरिंग असेल तर एकट्याने निघू नये.

वाईला का येत नाहीस, असं आई अजून प्रत्येक पत्रात विचारते. घर आहे, आंब्याचं झाड आहे, मिनूला आजोबा आहेत. मी कळवते की इथली नोकरी बरी आहे, मिनूची शाळा मध्येच सोडवत नाही, एवढी लांब गाडी वाईच्या गल्लीत वळायची नाही. अण्णांना ते पटतं. आईला पटत नसावं. कानोत्याच्या बांधावर मी मोठ्या ठसक्यात वाट बघणार नाही असं सांगून बसले होते. इथून न हलण्याचं खरं कारण एवढंच आहे की यांना हाच पत्ता पाठ आहे.